हाक मारल्याशिवाय

मत्राहच्या बाजारामागे आमची पेढी:
खाली वेलची, सुकी लिंबं. वर कचेरी.
मी हिशेबनीस. चष्मा नवा होता, तरी.

गुरुवारी दुपारी कोचीहून मेल आली,
'आमची बँक बदलली, या खात्यात पाठवा.'
सही नेहमीची, नमस्कारही नेहमीचाच.
फक्त पत्त्यातल्या एमच्या जागी
आर आणि एन
दाटीवाटीनं उभे होते,
एकाच सदऱ्यात दोन चोर.

अठरा हजार रियाल.
रविवारी कुंजप्पनचा फोन: 'पैसे कधी?'

खलफान शेठ ओरडले नाहीत.
कहवा निवेस्तोवर गप्प बसले.
मग म्हणाले, 'माझा आजा नाखवा.
रात्री ओळखीचं शीड दिसलं तरी
हाक मारल्याशिवाय दोर टाकत नसे.'

सोमवारी एक पोरगा येऊन संगणक तपासून गेला.
माझा पासवर्ड म्हणजे मुलीचं नाव, पुढे जन्मसाल.
ते पुसताना उगाच अपराधी वाटलं.
आता मोठी रक्कम दोघांच्या बोटांनीच सुटते,
माझ्या, आणि गोदामातल्या सुमय्याच्या.
ती विचारते, 'घाई कुणाला आहे?'
मला तिचा राग येतो. रोज.

पैसे परत आले नाहीत.

खातं बदललं असं कुणी कळवलं की
मेलमधला नंबर मी लावत नाही.
जुन्या वहीतला लावतो, शाईचा.
पलीकडे कुंजप्पन आधी खोकतो,
मग बोलतो.
त्या खोकल्यापुढे मी
बरोबरची खूण करतो.