गळ्यावर बोट

मुल्लाणी बाई म्हणाल्या, बोट ठेव गळ्यावर.
म्हण ग्रेप्स.
काहीच हललं नाही. नुसती हवा,
सायकलच्या व्हॉल्व्हमधून सुटावी तशी.
आता रेझिन्स.
लिहायला तोच एस,
पण बोटाखाली भुंगा घुमला.

तासगावच्या शेडवर आई बेदाणा निवडत होती,
हिरवा इकडं, काळपट तिकडं,
नखांत गंधकाचा वास.
तिचं बोट ओढून माझ्या गळ्यावर टेकवलं:
ग्रेप्स. रेझिन्झ.
"वाळल्यावर आवाज फुटतोय व्हय?"

बॉक्सेसचं सांगायचं राहूनच गेलं.
तिनं बोट स्वतःच्या गळ्यावर नेलं,
इकडंतिकडं बघितलं,
आणि हळूच, कित्येक वर्षांत कुणी न घेतलेलं
आपलं नाव घेतलं,
झुंबर.

"हाललं की गं!"