शेरा

कॉलेजच्या जिन्याखाली, जिथं पूर्वी खेळाचं सामान असायचं,
तिथं आता माझा स्कॅनर आहे,
एक कूलर, आणि त्रैमासिकाचे एकसष्ट अंक.
एप्रिलात सोलापूर त्रेचाळीसला टेकतं,
तेव्हा कूलर यंत्रासाठी लावायचा, माणसासाठी नाही,
असं परिपत्रक आहे.
मी यंत्राला खेटून खुर्ची टाकते.

आधी हे सगळं एका सीडीवर होतं.
सीडीच्या आधी फ्लॉपीवर.
ती हत्तुरे सरांच्या ड्रॉवरमध्ये सापडली,
रबरबँड वितळून चिकटलेला,
वर निळ्या शाईत : कायमचे. जपून ठेवणे.
ती वाचणारं यंत्र अख्ख्या नव्या पेठेत मिळालं नाही.
मग वेबसाइट झाली. तिचं भाडं भरायचं राहिलं,
त्या पत्त्यावर आता रमीची जाहिरात लागते.
कागद तेवढा टिकला.
सतराव्या अंकाला वाळवी लागली होती,
तिनं संपादकीय खाल्लं. कुणाची तक्रार आली नाही.

आता प्रत्येक लेखाच्या तीन प्रती करते.
एक इथं, एक पुण्याला, एक कुठल्याशा थंड देशात.
प्रत्येक फाइलची एक बेरीज निघते,
चौसष्ट चिन्हांची, वाचून काही न कळणारी.
दर महिन्याला ती पुन्हा काढायची, जुन्या बेरजेशी ताडायची.
एक काना हलला तरी सगळी बदलते.

प्रशिक्षणात हे दोन तास समजावत होते.
मला पहिल्या मिनिटाला कळलं.
आमच्या घरी रोज हजार विड्या मोजल्या जायच्या,
पंचवीसचा कट्टा, चाळीस कट्टे,
आणि कारखान्यातला चेकर
एका विडीचं तोंड सैल दिसलं
की अख्खा कट्टा मोडून टाकायचा.
त्याला छाट म्हणायचे. छाटीचे पैसे नसत.

अंक बावीस, पान एकोणतीस, साल चौऱ्याऐंशी.
पूर्व भागातील विडी कामगार स्त्रियांचे श्वसनविकार.
तक्ता चार. प्रतिसादक क्रमांक एक्केचाळीस.
वय सव्वीस. मातृभाषा तेलुगू. शिक्षण निरंक.
रोजच्या विड्या अकराशे. खोकला : आहे.
शेरा : नाव सांगण्यास नकार. पतीचा माग बंद.
जॅकार्डची पुठ्ठी बंबात घालून पाणी तापवताना आढळल्या.
चहा दिला.

मी स्कॅनरचं झाकण उघडंच ठेवून बसले.
त्या पुठ्ठ्यांना भोकं होती.
एकेक बंबात जायच्या आधी
मी ती डोळ्याला लावून उन्हाकडे बघायचे.
मोराची चादर होती ती.
मोर पुन्हा कुणाला विणता आला नाही.

घरी गेले तर आई शेंगाचटणी बरणीत भरत होती.
सांगितलं, तू छापलेली आहेस, आता जपून ठेवतोय.
"एंदुके?" म्हणाली. कशाला?
म्हटलं, शंभर वर्षं राहावं म्हणून.
"कोण वाचणार?"
ते ठाऊक नाही.
तिनं बरणीचं तोंड पदरानं पुसलं.
"मग झाकण घट्ट लाव."
थोड्या वेळानं, खोकून झाल्यावर :
"चहा मी दिलता त्या मास्तरला. साखर शेजारून आणलेली.
त्यानं दिल्यासारखं लिहिलंय. तेवढं सुधार."

सुधारता येत नाही, आई. एक काना हलला तरी.
पण फाइलीच्या बाजूला टिपणाची एक रिकामी चौकट असते,
तिथं कुणी कधी काही भरत नाही.
नाव घालू का, विचारलं.
"तेव्हा नाही सांगितलं, आता कशाला?"

दुसऱ्या दिवशी मी चौकटीत लिहिलं :
चहा प्रतिसादकाने दिला. साखर उसनी.
त्या टिपणाचीही बेरीज निघाली,
चौसष्ट चिन्हांची, पूर्ण.
रात्रीतून तिसरी प्रत गेली.
एव्हाना त्या थंड देशात
चहा पोचला असेल.