तलवारीला हाड

जिभेला हाड नसतं म्हणतात.
आमच्या पहिल्या भागात तलवारीलाही नव्हतं.
लोण्यातून जायची.
शंभर राक्षस, एकाच साच्यातले,
एकाच कुशीवर कलंडायचे
आणि जमिनीला टेकायच्या आत धूर.
बटण दाबा, वार. बटण दाबा, वार.
लोकांनी खेळ विकत घेतला, सोळा तासांत संपवला,
कपाटात ठेवून दिला.
वाईट कुणीच म्हटलं नाही.
तेच जास्त लागलं.

मी तपासनीस.
फुकुओकात, चष्म्यांच्या दुकानावर चौथा मजला,
खिडकीपाशी माझी खुर्ची.
माझं काम हरायचं.
भिंतीत घुसून बघायचं, पुलावरून उलटी उडी घ्यायची,
आणि कॅमेरा खांबाआड अडकला की लिहायचं:
खांब दिसतो. शत्रू दिसत नाही. मी मेलो.
हे वाक्य मी चारशे बारा वेळा लिहिलंय.

दुसऱ्या भागाच्या पहिल्या बैठकीत
इसेझाकी-सान म्हणाले, शत्रू दुप्पट करू.
कुणी म्हणालं, शस्त्रं बारा.
कुणी म्हणालं, ड्रॅगन.
ड्रॅगन कुणीतरी म्हणतंच.
कुवाबारा मिनेको कोपऱ्यात संत्रं सोलत होती.
"तलवार कशाला लागतच नाही," ती म्हणाली,
आणि एक फोड तोंडात टाकली.

यानागिबाशीच्या बाजारात तिच्या वडिलांचं मासळीचं दुकान.
एका पहाटे तिनं मला तिथं नेलं.
ओल्या फरशीवर माझे बूट चुकीचे.
फळीवर हिवाळ्यातला बुरी, मांडीएवढा,
म्हाताऱ्याच्या हातात जाड पाठीचा सुरा.
सुरा मांसातून गेला. आवाज नाही.
मणक्याशी आला
आणि
थांबला.
पापणी लवायला लागतो त्याहून कमी वेळ,
पण थांबला,
आणि तेवढ्यात खांद्यानं ठरवलं
की पुढं जायचं.
मग खट्.

"हे," मिनेको म्हणाली, "हे आपल्याकडे नाही."
वडिलांनी मान वर न करता विचारलं, काय नाही?
"हाड."

सेकंदाला साठ फ्रेम्स.
सोमवारी तिनं वार एका फ्रेमपुरता अडवला,
कुणाला कळलंच नाही.
मंगळवारी पाच, आणि मीच तक्रार लिहिली: खेळ गोठतो.
सगळे वार तिनं त्या एका वारावर घालवले.
शेवटी तीन.
हाडाला तीन. चिलखताला चार, वर ठिणगी.
लाकडी ढालीत पातं रुतायचं,
ओढून काढावं लागायचं,
तोवर मागचा यायचा.

मागचा यायचा, हे नवीन.
आधी सगळे रांगेत मरायला उभे असायचे,
आता एकमेकांकडे बघतात.
एक लंगडतो. एक भाला टाकून पळतो,
त्याच्यामागं जायचं की नाही, ते तुमच्यावर.
आणि कॅमेरा! खांब आला की वळसा घेतो,
गर्दीत ओळखीचा माणूस दिसल्यासारखा.
ड्रॅगनही आहे. ठीक आहे.

मार्चमध्ये म्हातारा खेळायला आला,
रबरी बूट दाराशी काढून.
कंट्रोलर त्यानं सुऱ्यासारखा उजव्याच हातात धरला.
सात जण कापले, आठव्यानं त्याला मारलं.
आम्ही वाट बघत राहिलो.
"दिवसभर कापतोय हा माणूस," तो म्हणाला,
"सुरा लावतो कधी?"

मिनेको तशीच उठून टेबलाशी गेली.
म्हणून आता दर छावणीत सहाणेचा दगड आहे,
म्हणून पातं बोथटतं,
तीनाच्या चार होतात, चाराच्या सहा,
आणि रात्री शेकोटीपाशी बसून
बटण हळूहळू घासावं लागतं.
त्यासाठी खेळ एक महिना उशिरा निघाला.
इसेझाकी-सान आठवडाभर जिन्यानंच ये-जा करत होते,
लिफ्टमध्ये कुणी भेटू नये म्हणून.

काल पहिला भाग पुन्हा लावला.
तेच मैदान, तेच शंभर.
पहिल्याच वाराला हात चुकला.
राक्षस केव्हाच धूर झाला होता,
आणि माझा अंगठा
बटणावर तसाच,
हाडाची वाट बघत.