अंतराचा रकाना

मोजणीची तारीख पडली मे महिन्यातली,
बाभळीलाही सावली परवडत नव्हती.
मौजा सावळधरा, गट नंबर एकशे बारा,
सातबाऱ्यावर शेरा : पोटखराब.
सोबत कंपनीचा अर्ज, तीन प्रतींत :
घातक कचरा, साठवण आणि विल्हेवाट,
जमिनीचा झोन शेतीतून उद्योगात बदलून मिळावा.

नमुन्यात सोळा रकाने.
पंधरा मी टेबलावर बसूनच भरले होते.
सोळावा :
नजीकच्या जलस्रोतापासून अंतर, मीटरमध्ये.
अटीत लिहिलं होतं किमान पाचशे.
नकाशावर निळी रेघ कुठेच नव्हती.
मी पेनाचं टोपण काढलं.

"सायेब, नाला कोठी मांडला तुमी?"
वीस-एक बकऱ्यांमागून कौतिकाबाई कोडापे.
कोणता नाला?
"ढोरनाला. त्याच्यातच तं उभे रायले तुमी."

पायाखाली रेती होती,
बुटात शिरलेली, तापलेली.
मी म्हटलं, बाई, पाणी कुठंय यात?
ती हसली नाही. काठी बाजूला ठेवली,
बसली, आणि हातानं उकरू लागली.
मनगट गेलं, कोपर गेलं, मग खांदा.
रेती पांढरी निघाली, पुढे काळसर,
मग मुठीत धरली तर मुठीचा आकार राखणारी.
मग आम्ही वाट पाहिली.
चेनमन बकारामची एक अख्खी बिडी ओढून झाली
तेव्हा झिऱ्याच्या तळाशी
एक ओंजळ आली होती.
गढूळ. ती तिनं उपसून टाकली.
दुसरी नितळ.
आधी बकरी प्यायली, मग बकाराम, मग मी.

"आता मोजा," ती म्हणाली, "अठून."

टेप धरला. दोनशे बारा.
पुन्हा धरला, जरा जास्त ताण देऊन.
दोनशे बाराच.

तालुक्याला साहेब म्हणाले,
नकाशात आहे का? नाही ना?
मग तो नाला नाही, खोलगट जागा आहे.
आवाज वाईट नव्हता त्यांचा,
चहाही मागवला.
ना-हरकत तर ग्रामसभा देणार, म्हणाले,
आपल्याला काय.

हरकत.
पायावर पाय पडला तरी आपण म्हणतो, हरकत नाही.
लग्नात भाजी संपली, हरकत नाही.
एसटी गेली, पुढची येईल, हरकत नाही.
वापरून वापरून इतका गुळगुळीत झालेला शब्द
ठरावाच्या कागदावर
शिक्क्याखाली किती सहज सरकतो.

पहिली सभा कोरमअभावी तहकूब.
तहकूब सभेला कोरम लागत नाही,
हे कंपनीच्या माणसाला पाठ होतं,
गावात फक्त ग्रामसेवकाला.
तेंदूपत्त्याचे दिवस, पहाटेपासून अर्धं गाव जंगलात,
आणि सभा सकाळी नऊला.

मला तिथे जायचं कारण नव्हतं.
गेलो.
शाळेच्या व्हरांड्यात सतरा माणसं, आणि पायरीवर कौतिकाबाई,
डोक्यावरचं पानांचं गाठोडं न उतरवता उभी.
ग्रामसेवक वाचत होता :
रोजगार, हरित पट्टा, वाऱ्याची दिशा,
खड्ड्याला तीन थरांचं अस्तर.
"अस्तर म्हंजे?"
"गोधडीले असते तसं, बाई. खाली काही झिरपत नाही."
"झिरपत नाही असं काई नसते, बाप्पा.
या सायबाले इचारा."

सतरा तोंडं माझ्याकडे वळली.
कंपनीच्या माणसानं हसून खुर्ची पुढे केली.
माझ्या खिशात नमुन्याची घडी होती,
सोळावा रकाना शिसपेन्सिलीनं भरलेला,
म्हणजे खोडता येईल असा.

दोनशे बारा, मी म्हणालो.

काय दोनशे बारा?
कुणीतरी मागून विचारलं,
आणि मग मला
नाल्याचं नाव घ्यावं लागलं.