तिसरी शिट्टी

माहीमला एका बेकरीच्या वर आमची लॅब.
मी तिथे दात करते.
दिवसाला चार कवळ्या, घाई असली तर पाच.
मेण तापवायचं, हिरडी घडवायची,
छटा जुळवायची: ए-दोन, ए-तीन,
जन्मभर चहा प्यालेल्यांना बी-चार.
या कामात बोलावं लागत नाही.
मला ते आवडतं.

फाल्गुनी म्हणते, तनुजा, तुझं काय बिनसलंय?
काही नाही.
तेच तर, म्हणते ती,
काही नाही म्हणणाऱ्यांचंच असतं काहीतरी.

परवा डब्याखाली एक चिठ्ठी निघाली.
‘मन मोकळं करा’ आणि खाली एक नंबर.
अक्षर लोबोसरांचं, हिरव्या शाईतलं.
साठीचा माणूस, प्लास्टरनं भरलेली बोटं,
चार दिवस विचार करून लिहिलं असणार.
मी पर्समध्ये ठेवून दिली,
कुणाला तरी लागेल.

वहिनीनं कल्याणहून पेरू पाठवले.
पेरू का? तर म्हणे, असू दे गं, खा.
आणि मी रात्री गच्चीत गेले
की वॉचमन पाच जिने चढून येतो,
कठड्यापाशी माझ्या आणि अंधाराच्या मध्ये
उभा राहून खोकतो.
हवा चांगली आहे ना, मॅडम?
आहे.
मग आम्ही दोघं हवा खातो.
त्याचा चहा खाली गार होत असतो.

शेवटी दादरला एका बाईंकडे जाऊन आले. बाराशे रुपये.
झोप? लागते. भूक? लागते.
रडू? कांदा चिरताना.
प्रश्न संपले, वेळ उरला.
खाली एक भंगारवाला ओरडत गेला,
त्याचा आवाज पार कबुतरखान्याकडे वळेपर्यंत
दोघी ऐकत बसलो.
पुन्हा यायची गरज नाही, बाई म्हणाल्या,
जरा नाइलाजानंच.

एक वर्ष होतं तसं.
आई गेली त्याच्या पुढचं.
तेव्हा मी बोलत होते.
फाल्गुनीच्या लग्नात माईक सोडला नाही,
लॅबमध्ये नकला केल्या, सगळ्या डॉक्टरांच्या,
आणि पहाटे तीनला उठून
रिकामी कपाटं पुन्हा पुन्हा आवरली.
आरशात दात दिसायचे, सगळेच्या सगळे, ए-एक.
लोक म्हणाले, काय छान सावरलीस!
पेरू कुणी पाठवले नाहीत.
ती चिठ्ठी त्या वर्षी आली असती तर
जाऊ दे.
गढूळ पाणी हंड्यात ठेवलं की बसतं खाली,
तसा तो सगळा आवाज बसला एकदाचा,
आणि मी दिसले मला. होते तशीच होते.

मंगळवारी वागळेआजोबा आले, डॉक्टरला टाळून थेट.
रुमालातून नवी कवळी काढून टेबलावर ठेवली.
ही फार खूश आहे, म्हणाले, माझी नाही ही.
डावा सुळा जरा तिरका होता माझा.
मी कारण विचारलं नाही.
सुळा उपटला, तिरका बसवला,
छटा दोन घरं खाली आणली.
त्यांनी घालून आरशात पाहिलं.
हसले नाहीत.
तोंड मिटलं फक्त, आणि ते नीट मिटलं.
जाताना माझ्याकडे बघून मान हलवली, मीही हलवली.
फाल्गुनी म्हणाली, दोघांचं काय भांडण झालं का?

आत्ता दादाचा फोन आलाय.
काय करतेयस?
बसलेय.
एकटीच?
हो.
मग तो गप्प, मी गप्प.
त्याच्या गप्प बसण्यात काळजी आहे,
माझ्या गप्प बसण्यात त्याचं स्वयंपाकघर:
नळ सुटलेला, भाचीचा पाढा चौदा सक्क्याशी अडलेला,
कुकर.
तनू, खरं सांग, बरी आहेस ना?
दादा, म्हटलं,
तिसरी झाली. गॅस बंद कर.