किंचित उतरलेला पंचम

हापसालूच्या खाडीवर जूनमध्ये रात्र होत नाही.
अकराला आभाळ ताकाच्या निवळीसारखं,
दोनलाही तसंच,
आणि तीनला लव्हाळ्यात पाखरं बोलायला लागतात.

वाल्डेको लेपिकने खिडकीला घोंगडी ठोकली आहे,
चारी बाजूंनी, अठरा खिळ्यांनी.
रात्र म्हणजे काळोखच.
झोप म्हणजे आठ तासच.
दहाला दिवा गेलाच पाहिजे
आणि दिवा गेला की डोळा लागलाच पाहिजे.

त्याच्या भाषेत याला काय म्हणतात, ठाऊक नाही.
माझ्या भाषेत ते एक अक्षर आहे,
शब्दाच्या शेपटाशी बसतं,
खिळ्याच्या डोक्याएवढं.

आता झोपलो तर पाच तास.
आता झोपलो तर साडेतीन.
आता कसलं, उद्याचा दिवस गेलाच.
आणि उद्याचा दिवस, सांगितल्या कामाचा, खरंच जातो :
हेल्जूचं बोलणं पाण्याखालून आल्यासारखं,
स्ट्रॉबेरीला चव नाही,
एक बूट पायात, एक हातात,
तासभर तसाच बसून.
मुलाचा रविवारी फोन आला नाही, म्हणजे विसरलाच.
हिवाळ्यात हात एकदा थरथरला, म्हणजे संपलोच.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं,
'आणि नाही लागली झोप एखाद्या रात्री, तर?'
तो टोपी घेऊन उठला.
असले प्रश्न विचारतात का!

मंगळवारी शाळेतला पियानो.
समुद्राच्या दमटपणाने फुगलेला, अर्ध्या पट्ट्या चिकट.
त्याने षड्ज लावला. पंचम लावला,
इतका शुद्ध की दोन सुरांतली फट मिटली.
मग किल्ली केसभर फिरवून
तो उतरवला.

'बरोबर होता की,' दारातली मुलगी म्हणाली.
लीस्बेट, वय नऊ, गुडघ्याला पट्टी.
'मग बिघडवला का?'

तो सांगू लागला, तारेकडे बघत,
चाळीस वर्षं सांगत आला तसं :
बाराच्या बारा शुद्ध लावले ना,
तर फेरा जुळत नाही, थोडंसं उरतं.
ते उरलेलं सगळं एकाच जागी जमतं
आणि तिथे बोट पडलं की वाद्य ओरडतं.
जुने लोक त्याला लांडगा म्हणायचे.
'दाखवा.'
त्याने एक तार ढिली केली, दोन पट्ट्या दाबल्या.
ती कान झाकून हसत सुटली.
'मग लांडग्याचं काय करायचं?'
'वाटून टाकायचा. थोडा थोडा सगळ्यांना.
मग कुणाच्याच वाट्याला फार येत नाही.'

तिने ऐकलं.
त्याने नाही ऐकलं,
तो हत्यारं पुसत होता.

त्या रात्री तीन वाजता घोंगडीपलीकडे काहीतरी ओरडलं.
नावेचा दोर असेल, खुंटीवर करकरणारा.
तो उताणा पडून राहिला.
चार तास गेले. आता तीन उरले. आता
नाही लागली, तर?
बाईंचा प्रश्न तसा साधा होता.
उत्तर नव्हतं, म्हणून तो उठला,
पक्कडीने कोपऱ्यातला एक खिळा उपटला.
उजेडाचा एक तिकोना तुकडा
हेल्जूच्या पायाशी पडला. ती जागी झाली नाही.

स्वयंपाकघरात त्याने गार बटाटा खाल्ला, उभ्यानेच.
पाखरांचा कोलाहल, बेसूर, सगळा एकदम.
फिरून यावं म्हणून एक बूट चढवला.

सहाला हेल्जूने पाहिलं :
खुर्चीत, मान एका खांद्यावर,
तोंड उघडं, एक बूट पायात.
झोपायचं ते पलंगावरच, असं म्हणणारा माणूस.
तिने रेडिओ लावलाच नाही.

दोन तास झाले असतील, की अडीच.
त्याने मोजले नाहीत.
नाही, मोजले,
पण बोलला नाही.

मान दिवसभर दुखली.
दुपारी पुन्हा ते पाण्याखालचं ऐकू येणं.
सतरा खिळे अजून जागच्या जागी आहेत.

संध्याकाळी तिने वाडगा पुढे सरकवला.
त्याने एक तोंडात टाकली,
जरा वेळ घोळवली,
म्हणाला, 'थोड्या आंबट आहेत.'