फर्मा

गट नंबर एकशे त्रेचाळीस, होनगाव, तालुका दक्षिण सोलापूर.
एक हेक्टर ऐंशी आर. पोटखराबा सहा आर,
म्हणजे ओढ्याकडचा बाभळीचा तो कोपरा
जिथे मोजणीवाल्यांनी डबे सोडले
आणि इरप्पा बिराजदारांनी त्यांना चटणी वाढली.

पिकाच्या रकान्यात गेली सहा वर्षं
मीच लिहीत आलो : ज्वारी, मालदांडी, जिरायत.
बांधाकडेने करडई असायची, जनावरं आत शिरू नयेत म्हणून.
ती मी कधी लिहिली नाही.
काट्यांची नोंद कोण मागतं?

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात झाली.
पाणी आपल्यालाच आठव्या दिवशी, एकजण म्हणाला.
खरं होतं.
दुसरा म्हणाला, एवढ्या काळ्या रानात घरं?
माळावर बांधा की, माळ काय मेलाय?
तेही खरं होतं, फक्त माळ कुणी विकायला काढला नव्हता.
तिसरा म्हणाला, एकदा का त्या बिडीवाल्या आल्या की...
आणि माझ्याकडे बघून थांबला.
माझं आडनाव चिटमिल. सोलापुरात ते आडनाव
कुठल्या गल्लीतलं, हे सांगावं लागत नाही.

इरप्पा उठले, गुडघ्यावर हात ठेवून, दोन टप्प्यांत.
सुगीला बाया मिळत नाहीत म्हणून
मागल्या साली निम्मी कणसं पाखरांनी नेली, म्हणाले.
बाया हव्यात. मग बायांनी राहायचं कुठं?
टाळ्या पडल्या नाहीत.
घंटेखाली एक कुत्रं झोपलं होतं, ते उठून गेलं.

साखर पेठेत आमची खोली दहा बाय दहा, भाड्याची.
आई दारात बसायची, मांडीवर सूप,
सुपात भिजलेली पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ,
आणि पत्र्याचा फर्मा, बोटभर लांब.
पानावर फर्मा ठेवायचा, कात्री फिरवायची.
मध्ये शीर आली तर पान फिरवायचं.
फर्मा फिरत नाही.
उरलेली कातरण चुलीत जायची,
आमचा भात त्या कातरणीवर शिजलाय.
म्हणून रेखांकनाचा नकाशा टेबलावर उलगडला
तेव्हा मला प्लॉट दिसले नाहीत,
एकशे ऐंशी फर्मे दिसले, ओळीने ठेवलेले,
आणि कडेची कातरण :
ओढा, बाभळ, विहिरीची एक बाजू.

हरकती चार आल्या. चौथी दत्तू गुंडाची :
तलाठ्याची आई लाभार्थ्यांच्या यादीत आहे,
अनुक्रमांक अठ्ठ्याण्णव.
आहे. नरसूबाई चिटमिल, वय त्रेसष्ट, विडी कामगार.
अर्ज तिने केला तेव्हा मी शाळेत होतो, अर्धी चड्डी.
साहेब म्हणाले, यादी वरून येते, तुमचा काय संबंध?
तरी मी हरकत जशीच्या तशी उतरवून घेतली,
माझ्याच अक्षरात, दत्तूच्या शुद्धलेखनासकट,
आणि पोच दिली.

आदेश आला.
ज्या रकान्यात ज्वारी लिहायचो तिथे आडवी रेघ मारली.
पेन नीट चाललं. मला वाटलं होतं अडखळेल.

रविवारी आईला घेऊन गेलो.
ताटं उपटून झाली होती, धसकटं पायाला लागत होती.
फक्कीच्या पांढऱ्या रेघा. अठ्ठ्याण्णव शोधायला वेळ लागला.
ती रेघ ओलांडून आत गेली, जिथे दार नव्हतं तिथून,
आणि मी ओरडणार होतो, अम्मा, भिंत आहे.
इरप्पा लांब बांधावर उभे होते. आले नाहीत, गेलेही नाहीत.
आईने विचारलं, किटिकी कुठल्या बाजूला?
उजेड डावीकडून पाहिजे, कात्री उजव्या हातात असते.
नकाशात खिडक्या नव्हत्या. माहीत नाही, म्हणालो.

मग ती खाली बसली, काळ्या ढेकळांवर,
मांडीवर सूप असल्यासारखी.
पाय फक्कीच्या बाहेर जात होते.
तिने इरप्पांकडे एकदा पाहिलं
आणि पाय आत ओढून घेतले.